पहिल्या चार फ्रेमा

कुरखेडा तालुक्यातल्या दोनशेवर मांडवांत नवरीच्या खुर्चीवर नवरीच्या आधी रीना बसून गेली होती.

मांडवात अजून कोणी सतरंज्या झटकतंय, कोणी डीजेच्या वायरी ओढतंय, नवरी आत घरात मेंदीचे हात सांभाळत बसलेली, तेवढ्यात रीनाचा नवरा सुनिल कुमरे स्टेजसमोर कॅमेरा घेऊन उभा राहायचा आणि रीना जाऊन त्या लाल मखमली खुर्चीवर टेकायची. छातीशी एक राखाडी कार्ड धरायची, म्हणजे कॅमेऱ्याला रंगांचा अंदाज येतो. सुनिल चार फोटो काढायचा. एक नुसत्या उजेडात, एक फ्लॅश टाकून, दोन फ्लॅश कमीजास्त करून. मग स्क्रीनवर पाहत म्हणायचा, "हो बाजूले." ती उठायची आणि चंदेरी छत्री हातात घेऊन संध्याकाळपर्यंत नवरीच्या तोंडावर उजेड पाडत उभी राहायची. हात भरून आले की छत्री थरथरायची, आणि सुनिल डोळा कॅमेऱ्याला लावूनच ओरडायचा, "हलवू नको, उजेड हलते."

गावच्या बाया तिची फिरकी घ्यायच्या. रीना, किती डाव लगन लावतं व, एकदा भागलं नाई काय तुह्यं? रीनाही काही कमी नव्हती. ती म्हणायची, खुर्ची रोज नवी भेटते, नवरा मातर तोच भेटून राह्यला. बाया हसून लोळायच्या, आणि सुनिलच्या कानावर त्यातलं अक्षर जायचं नाही. तो कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेला. कामाचा माणूस होता, वाईट नव्हता. पण कामाच्या माणसाला कामापलीकडचं दिसत नाही, आणि आपल्याला दिसत नाही हेही त्याला कळत नाही. त्याचाच राग येतो.

या चार फोटोंचं पुढे काय व्हायचं ते सांगायला हवं, कारण सगळं दुःख तिथेच आहे.

सुनिल रॉ काढायचा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसलं ते जसंच्या तसं साठवलेलं, कशालाही हात न लावलेलं. त्याच्यावर मेहनत केली की मग नेहमीचा फोटो तयार होतो, जेपीजी. हा फरक रीनाला त्यानं एकदा समजावून सांगितला तेव्हा ती लगेच म्हणाली होती, म्हणजे रॉ हे धान आणि जेपीजी हा तांदूळ. धान जागा लई खाते, पण ठेवलं तर पेरता येते. तांदूळ पेरता नाई येत. सुनिल तिच्याकडे बघतच राहिला होता. चंद्रपूरच्या ज्या क्लासमध्ये त्यानं पंधरा दिवस घालवले, तिथल्या सरांना हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

पण जागा. एक रॉ अठ्ठावीस-तीस एमबीची. एका लग्नाच्या अडीच हजार. सीझनमध्ये आठवड्याला दोन लग्नं. दुकानात दोन हार्डडिस्क होत्या आणि त्या भरत आल्या की सुनिलचा जीव वरखाली व्हायचा. त्यानं त्याचे नियमच करून टाकले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी बसायचं. मेमरी कार्डावरचं सगळं आधी डिस्कवर घ्यायचं, मग छाटायचं. सगळ्यात आधी पहिल्या चार फ्रेमा उडवायच्या, त्या उघडूनही बघायच्या नाहीत. मग डोळे मिटलेल्या, मग कोणी मध्येच आडवं गेलेल्या, मग एकासारख्या एक निघालेल्यांपैकी एक ठेवून बाकीच्या. अल्बम गेला की वर्षभरानं उरलेल्या रॉही काढायच्या आणि जेपीजी तेवढे ठेवायचे. आणि कॉम्प्युटरवरचा कचऱ्याचा डबा रिकामा करायला विसरायचं नाही, नाहीतर जागा सुटत नाही.

पहिल्या दोन-चार लग्नांना हे सुनिलनं केलं. नंतर रीनानं हातात घेतलं आणि त्याच्यापेक्षा भरभर करू लागली. दहावीपर्यंत शिकलेली पोरगी, पण डोकं लख्ख. तिच्या हाताखाली डिस्क अशी स्वच्छ असायची की सुनिल येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. थोडक्यात काय, नऊ वर्षं दर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रीना स्वतःला स्वतःच्या हातानं पुसत होती, आणि त्याबद्दल नवऱ्याची शाबासकी घेत होती.

फक्त एकदा तिचा हात थांबला होता.

गेवर्ध्याचं लग्न होतं. मांडवाला हिरवी जाळी होती आणि सकाळचं ऊन तिच्यातून गाळून आलेलं. रीनानं निळी साडी नेसली होती, चुलतभावानं राखीला दिलेली. दुसऱ्या दिवशी छाटताना तिनं तिसरी फ्रेम चुकून उघडली की मुद्दाम, कोण जाणे. उघडली आणि बघत बसली. मग म्हणाली, "ह्यातला एक ठेवू काय?"

सुनिल अल्बमची पानं लावत होता. मान वर न करताच बोलला. "तो उजेड पाह्याले काढला आहे. तुह्या फोटोचं काय करतं? तू तं घरीच आहेस."

रीनानं चारही फ्रेमा उडवल्या, डबा रिकामा केला. पुन्हा कधी विचारलं नाही. त्या वेळी सुनिलला यात काही वावगं वाटलं नाही. पुढे हेच वाक्य त्याच्या मानगुटीवर बसणार होतं.

लग्नाच्या नवव्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर रीनाला ताप आला. पहिल्या दिवशी अंगावर काढला, दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी ती सुनिलला ओळखेना. मलेरिया डोक्यात गेला होता. गडचिरोलीला न्यायला गाडी केली, आणि गाडी अर्ध्या वाटेत असतानाच संपली ती. वय एकतीस. लेकरू नव्हतं. घरात दोघंच होते, आता एक उरला.

माती झाल्यावर रीनाची आई सोमारी आपल्या गावाला परतली नाही. कोरचीकडच्या जंगलातल्या गावातली बाई, नवरा आधीच गेलेला, मोहफुलं वेचून आणि धानाच्या दोन बांध्या करून पोरीला वाढवलेलं. तेरवीपर्यंत इथेच राहते म्हणाली. दिवसभर ओसरीला भिंतीला टेकून बसायची आणि रीनासाठी लावलेल्या दिव्यात तेल घालायची. तिसऱ्या दिवशी ती जावयाशी पहिल्यांदा धड बोलली. तेरवीला पोरीचा फोटो हवा, मोठा, भिंतीला लावता येईल असा. आणि एकच गोष्ट बघून घ्यायची, हनुवटीवरचं गोंदण त्यात दिसलं पाहिजे.

तिचं म्हणणं साधं होतं. सोनंनाणं इथेच काढून घेतात, साडी मातीत कुजून जाते, बाईसोबत जातं ते एक गोंदण. तिकडची माणसं तिला त्याच्यावरून ओळखतात. मग इकडच्या माणसांनीही तिला त्याच्यावरूनच ओळखावं. गोंदण नसलेली रीना भिंतीवर लावायची तर दुसरीच कोणाची पोरगी लावल्यासारखं होईल.

सुनिलला वाटलं, एवढंच ना. फोटोग्राफरच्या घरात फोटोला काय तोटा.

त्यानं फोन काढला. फोनमध्ये रीनाचे पन्नाससाठ फोटो होते. फोनचा कॅमेरा मोठा शहाणा, माणसाचं तोंड आपणच घासूनपुसून काढणारा. सगळ्या फोटोंत रीना गोरी, गाल लोण्यासारखे, आणि हनुवटी कोरी. एका फोटोत तर तिनं गंमत म्हणून सशाचे कान लावून घेतले होते. सोमारीनं एकेक फोटो लांब धरून पाहिला आणि फोन परत दिला. ही माझी पोरगी नाही, म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाली.

आधार कार्डावरचा फोटो तर कोणाचाही म्हणून खपला असता. लोकांच्या लग्नांत ती कायम छत्रीच्या मागे. उरला लग्नाचा अल्बम. तो सुनिलनं पेटीतून काढला, पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटून टाकलं.

स्वतःच्या लग्नाचे फोटो वडशाच्या एका स्टुडिओवाल्यानं काढले होते, पण अल्बम सुनिलनं स्वतः बसवला होता. तेव्हा तो हे काम नुकतं शिकलेला, हात शिवशिवत होते. नवरीच्या तोंडावरचे डाग काढायचे असतात, हे तो शिकला होता, आणि त्यानं काढले. मुरमं काढली, गालावरचा तीळ काढला आणि हनुवटीवरचे तीन ठिपके काढले. रीनानं अल्बम पाहून तोंडाला पदर लावला होता आणि म्हणाली होती, मले वाटलं तुमचं लगन दुसऱ्याच पोरीसंगं झालं. तो हसला होता. मूळ फोटो वडशाला होते, आणि तो स्टुडिओ बंद पडून सात वर्षं झाली होती.

मग तो डिस्ककडे वळला. कुठेतरी एखादी राहिली असेल. माणूस आहे, दोनशे लग्नांत एकदा तरी विसरेल, कंटाळेल, लाईट जाईल. पाचव्या दिवशी सकाळी तो दुकानात बसला आणि एकेक फोल्डर उघडत गेला. गेवर्धा, पुराडा, मालेवाडा, कढोली. दर लग्नाला नंबर पुन्हा एकपासून सुरू होतील अशी सोय त्यानंच कॅमेऱ्यात करून ठेवली होती. त्यामुळे शोधणं सोपं होतं, आणि म्हणूनच फार जिव्हारी लागलं. उघडावं ते फोल्डर पाचपासून सुरू. गेवर्धा, पाच. पुराडा, पाच. एक, दोन, तीन, चार कुठेच नाहीत. दोनशे चौदा फोल्डर त्यानं उघडले, आणि एकदाही रीना विसरली नव्हती.

तिथेच बसून त्यानं हिशेब केला. सवयच ती. दोनशे चौदा लग्नांच्या चार-चार फ्रेमा, म्हणजे आठशे छप्पन्न. सगळ्या ठेवल्या असत्या तरी चोवीस जीबी झाले असते. त्यानं डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते पाहिलं. तीनशे दहा जीबी.

नऊ वर्षं ज्या जागेसाठी आटापिटा केला ती जागा समोर रिकामी पडली होती, आणि तिथे ठेवायला आता काही नव्हतं. सुनिल टेबलावर डोकं टेकून रडला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं पाहिलं आणि शटर अर्धं ओढून दिलं.

उडवलेल्या फायली परत काढून देणारा एक माणूस चंद्रपूरला होता, अतुल नावाचा. क्लासच्या दिवसांतली ओळख. सातव्या दिवशी सुनिल दोन्ही डिस्क आणि जुनी-नवी सगळी कार्डं टॉवेलात गुंडाळून एसटीत बसला. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. धानाची कापणी चालू होती आणि बांध्यांतून बाया वाकलेल्या दिसत होत्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. एकच घोकत होता, एक मिळू दे. फार नाही मागत, एक.

अतुलनं डिस्क लावल्या आणि आधीच सांगितलं, आशा धरू नको. फाइल उडवली म्हणजे लगेच जात नाही, जागा फक्त मोकळी म्हणून लिहिली जाते. तिच्यावर दुसरं काही येऊन बसलं नाही तर ती निघते. पण इथे दर आठवड्याला नवं लग्न येऊन बसलेलं. सुनिल दोन दिवस त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून राहिला. मशीन गुरगुरत होतं, पडद्यावर टक्के सरकत होते. अतुलच्या बायकोनं डबा पाठवला तो त्यानं उघडला नाही.

नवव्या दिवशी दुपारी अतुलनं त्याला आत बोलावलं.

रॉ एकही धड मिळाली नव्हती. पण रॉच्या पोटात कॅमेरा आपला एक तयार जेपीजी घालून ठेवतो, मागच्या पडद्यावर दाखवायला. अशा सात फायली अर्ध्यामुर्ध्या सापडल्या होत्या. शिवाय फायलीच्या अगदी तोंडाशी असतात ती नखाएवढी चित्रं. नखाएवढ्यांत रीना पूर्ण होती, खुर्चीसकट, कार्डासकट. पण तोंड मोहरीएवढं, मोठं केलं की नुसते चौकोन.

मग अतुलनं त्या सात फायली उघडल्या. फोटो वरून खाली लिहिला जातो, म्हणून वरचा भाग तेवढा वाचलेला. एकात मांडवाची झालर आणि भांग. एकात कपाळ. एकात डोळे. सातव्यात सगळ्यात जास्त होतं. केस, कपाळ, टिकली, सरळ समोर बघणारे डोळे, नाक, हसू येता येता थांबलेले ओठ. खालचा ओठ संपला आणि तिथून राखाडी पट्टा, पार खालपर्यंत. हनुवटी नाही.

सुनिल पडद्याला नाक लागेल इतका पुढे वाकला. ती बरोब्बर त्याच्याकडे बघत होती. किती वर्षं ती अशी त्याच्याकडे बघत बसायची आणि तो आकडे बघायचा.

"खालचं नाई भेटत काय?" त्यानं विचारलं.

अतुलनं मान हलवली. "त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं, भाऊ. कोनाचं तरी लगन बसलं तिथी."

ही फ्रेम कुठल्या लग्नातली, तेही कळायला मार्ग नव्हता. साडी दिसली असती तर कळलं असतं, पण साडी पट्ट्याखाली गेलेली. ही गेवर्ध्याचीच असावी, निळ्या साडीचीच असावी, असं सुनिलला इतकं वाटत होतं की परतीच्या वाटेवर त्यानं ते जवळजवळ खरं धरून टाकलं. पण खात्री नव्हती, आणि ती आता कधी होणारही नव्हती.

घरी आल्यावर त्याला वाटलं, हनुवटी तर आहे. फोनमधल्या फोटोत हनुवटी आहे, कोरी का असेना. ती इथे जोडायची आणि तिच्यावर तीन ठिपके ठेवायचे. लोकांच्या तोंडावरचे हजार डाग आपण काढले, तीन ठेवायला काय लागतं? तो कामाला बसला. हनुवटी जुळवली, रंग जुळवला, काम इतकं सफाईदार की शिवण दिसेना. मग ठिपका ठेवायला माउस हातात घेतला आणि हात तसाच राहिला.

ठिपके कुठे होते?

तीन होते, हे नक्की. ओठाखाली होते, हेही नक्की. पण ओळीत होते की त्रिकोणात? त्याला आठवेना. डोळे मिटले, तरी आठवेना. नऊ वर्षं जिच्या ताटातलं खाल्लं, जिच्या शेजारी निजला, जिचं तोंड आठशे छप्पन्न वेळा काचेतून पाहिलं, तिच्या हनुवटीवरचे तीन ठिपके कसे होते ते त्याला सांगता येईना.  शेवटी त्यानं अंदाजानं ठेवले. दोन वर, एक खाली, मधोमध, छान मापात. प्रिंट काढली आणि अकराव्या दिवशी चोरासारखी घरी नेली.

सोमारीनं ती दाराशी उजेडात नेऊन बघितली. खूप वेळ.

"हे कोनं केलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. चार फ्रेमा, जागा, डबा, अतुल, राखाडी पट्टा. गेवर्ध्याच्या दिवशी तिनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. सोमारीला त्यातलं कॅमेऱ्याचं किती कळलं कोण जाणे. शेवटचं मात्र पूर्ण कळलं. ती चटकन तोंड फिरवून दिव्याकडे बघत राहिली.

"नऊ वर्सं तुमच्या तोंडासमोर होती, जवाई," ती म्हणाली.

"मी उजेड पाहत होतो, बाई," सुनिल म्हणाला. "तिले नाई पाह्यलं."

यावर तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं दिल्या नाहीत. दिव्यात तेल घालून तिनं आपणहून गोंदणाची गोष्ट सांगितली. रीना आठ वर्षांची होती. बाजाराच्या दिवशी ओझा जमातीतली म्हातारी आली होती, गोंदणारी. पोरीनं स्वतःच हट्ट धरला आणि पहिली सुई टोचताच गाव गोळा केलं. सोमारीनं तिचं डोकं मांडीत घट्ट धरून ठेवलं. दोन ठिपके नीट बसले, आणि तिसऱ्याला पोरगी अशी काही हिसडली की ठिपका सरकला. खालचा तिसरा ठिपका मधोमध नव्हता. म्हातारी म्हणाली होती, असू दे, ही हरवली तर ह्याच्यावरून सापडेल.

मग सोमारीनं विचारलं, राखाडी पट्टा आहे तो फोटो तसाच मोठा काढता येतो का, खालचं नुसतं कोरं सोडून? तेवढंच काढून आणा, म्हणाली. लावलेली हनुवटी नको.

तेरवीच्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी सुनिलनं प्रिंट आणली. दोन हात उंच. वर रीनाचे केस, कपाळ, डोळे, ओठ, आणि खाली नुसता पांढरा कागद. सोमारीनं तेरा दिवस तेवणाऱ्या त्या दिव्यावर पितळेची ताटली धरून काजळ पाडलं होतं. त्यात तेलाचा थेंब घालून बोटानं कालवलं. गोंदणाची शाई अशीच करतात म्हणाली. बाभळीचा एक काटा तिनं आधीच धुऊन ठेवला होता.

प्रिंट भिंतीला टेकवून ती समोर उकिडवी बसली. ओठाखाली आपलं एक बोट आडवं ठेवून अंतर मोजलं आणि पांढऱ्या कागदावर पहिला ठिपका ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला काटा पुढे नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. तिचा चेहरा एकदम घाबरा झाला.

"कोन्या बाजूले व माय," ती स्वतःशीच पुटपुटली.

 जगात हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यालाही आठवेना, तर संपलंच सगळं. तो काही सुचवू शकत नव्हता. सुचवण्याचा हक्कही त्यानं घालवला होता.

मग सोमारीनं फोटो भिंतीपासून ओढून घेतला. फतकल मारून जमिनीवर बसली आणि तो उलटा करून मांडीवर घेतला, रीनाचा भांग आपल्या पोटाशी आणि तोंड वर, जसं त्या दिवशी बाजारात धरलं होतं तसं. डाव्या तळव्यानं कपाळ दाबून धरलं. आणि तिचा चेहरा निवळला. डोक्यातून गेलेलं हाताला आठवत होतं.

"इथी अंधार आहे," ती म्हणाली. "उजेड धरा जरा."

सुनिल उठला. कोपऱ्यात चंदेरी छत्री दुमडून ठेवलेली होती, शेवटच्या लग्नापासून कोणी हात न लावलेली. मुठीवर रीनानं गुंडाळलेली चिंधी होती, हाताला घट्टे पडू नयेत म्हणून. ही चिंधी त्यानं आज पहिल्यांदा पाहिली. नऊ वर्षांत त्यानं ती छत्री कधी धरलीच नव्हती. दाराशी उभं राहून त्यानं ती उघडली, बाहेरचं ऊन पकडलं आणि आत सोमारीच्या मांडीवर टाकलं. रीनाचे डोळे एकदम उजळले.

सोमारीनं काटा काजळात बुडवला. तिच्या डाव्या हाताकडे, पहिल्या दोघांपासून फटकून, तिनं तिसरा ठिपका ठेवला. मग कपाळावरचा तळवा तसाच ठेवून ती गोंडीत हळूहळू बोलू लागली. झालं, झालं, संपलं आता, रडू नको. तेव्हा म्हणाली असेल, तेच.

"पाहून घ्या, जवाई," ती म्हणाली. "आता तरी."

सुनिल पाहत होता. तिसरा ठिपका डावीकडे होता. रीनाच्या डावीकडे. आता त्याला लख्ख आठवलं, हसताना तो कसा वर सरकायचा, भाकरीचं पीठ लागलं की कसा झाकायचा. सगळं आत होतं, त्यानंच कधी उघडून बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडून हुंदका बाहेर पडला आणि थांबेना.

"हात हलवू नका," सोमारी खाली बघतच म्हणाली. "उजेड हलून राह्यला."

त्यानं ती चिंधी दोन्ही हातांनी आवळून धरली. उजेड हलायचा थांबला नाही.